दोन उतारांचं घर

आमच्या बसवनगुडीच्या घरात, मधल्या खोलीच्या लाल जमिनीत एक पितळी खिळा ठोकलेला होता. पाहुणे त्याला अडखळायचे आणि आई दर वेळी तेच सांगायची, "आमच्या यांचं काम ते. काही विचारू नका, तासभर सुटका नाही." अण्णा, म्हणजे माझे वडील, शहरातल्या राजकालुव्यांचे उतार मोजणाऱ्या सरकारी कचेरीत होते. राजकालुवे म्हणजे पावसाचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेणारे जुने मोठे नाले. तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण, समोर लांबवर कुणीतरी धरलेली तांबड्या-पांढऱ्या आकड्यांची उंच पट्टी, आणि एक डोळा मिटलेले अण्णा, असं त्यांचं आयुष्य गेलं. एका रविवारी त्यांनी ती दुर्बीण घरी आणली, दिवसभर पुढच्या अंगणातून मागच्या गल्लीपर्यंत उंची मोजली, आणि संध्याकाळी खिळा ठोकला. बंगळूर ज्या उंचवट्यावर वसलंय, त्याचा कणा आमच्या मधल्या खोलीतून जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ त्यांनी आम्हां दोघी बहिणींना इतक्या वेळा समजावला की तो मला झोपेतही सांगता येईल. खिळ्याच्या पुढे सांडलेलं पाणी पुढच्या अंगणातून रस्त्याकडेच्या गटारात जातं, तिथून वृषभावतीत. ही नदी आमच्याच वरच्या टेकडीवर, देवळातल्या बसवाच्या, म्हणजे नंदीच्या, पायाशी उगम पावते असं सगळे मानतात. वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती कावेरीला, आणि कावेरी सगळा तमिळ मुलूख ओलांडून समुद्राला. खिळ्याच्या मागे सांडलेलं पाणी मोरीतून मागच्या गल्लीत उतरतं, तिथून लालबागेच्या तळ्याकडे, पुढे बेळ्ळंदूरच्या तळ्यात, मग दक्षिण पिनाकिनीत, आणि पिनाकिनी कडलूरजवळ समुद्राला मिळते. "वाटा दोन, समुद्र एक," अण्णा म्हणायचे आणि बोटानं हवेत दोन रेघा काढून एकत्र आणायचे. आमच्यातल्या कुणीच तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. अण्णांनीसुद्धा.

आम्ही खिळ्यावरून उड्या मारायचो. पुढे उडी मारली की "कावेरी!", मागे मारली की "पिनाकिनी!" असं ओरडायचं. वत्सलाअक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिनं मागची बाजू घेतली होती, कारण मागे करंजाचं झाड होतं, पाण्याचा हातपंप होता आणि आईचं लक्ष नसायचं. पुढची बाजू माझी. मला पुढची बाजू आवडायची, तिथून कोण येतं-जातं ते दिसायचं. मी आठ वर्षांची असल्यापासून घरातल्या याद्या माझ्याकडे होत्या. आईला लिहायचा कंटाळा आणि माझं अक्षर चांगलं. वाणसामान, धोब्याचे कपडे, सणाला कुणाकडे काय पाठवायचं, गावाला जाताना ट्रंकेत काय भरायचं. याद्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचलेल्या असायच्या, काम झालं की मी पट्टी लावून सरळ रेघ मारायचे. अक्का हसायची. "सुमी, श्वास घ्यायचं लिहिलंयस का गे? विसरशील हां." आजही माझ्या फ्रिजवर यादी असते. मुलगा म्हणतो फोनमध्ये ठेव. फोनमध्ये रेघ मारल्याचं सुख मिळत नाही.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे कडलेकाई परिशे भरते, शेंगांची जत्रा. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी पहिल्या शेंगा बसवाला वाहायला आणतात आणि देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. आठवडाभर घराला भाजक्या शेंगांचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. आई मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडायची, लोखंडी खलात शेंगदाणे कुटून लाल मिरचीची चटणी करायची. त्या खलाचा आवाज अजून कानात आहे, ठक्क ठक्क आणि मध्येच बांगड्यांची किणकिण. बाहेर ढोल, पिपाण्या, "बन्री अक्का, बन्री", या अक्का या, अशा हाका. रस्त्याभर टरफलं, चालताना पायाखाली चुरचुरायची.

त्या दिवशी चार वाजता आमच्या घरची स्वतःची एक रीत होती. ती आणखी कुणाच्या घरी असणं शक्य नव्हतं, कारण खिळा फक्त आमच्याकडे होता. अण्णा सगळ्यांत मोठ्या दोन शेंगा निवडायचे, सांध्यावर अंगठा दाबून न मोडता उघडायचे. अर्ध्या टरफलात आई कुंकवाचं बोट आणि तांदळाचा एक दाणा ठेवायची. आधी पुढच्या गटाराशी माझं टरफल. गटार कोरडं असलं की अण्णा तांब्याभर पाणी ओतायचे. मग सगळे घरातून, खिळ्यावरून, मोरीवरून मागच्या गल्लीत, तिथे अक्काचं टरफल. पुढच्या पायरीपासून मागच्या दारापर्यंत अठ्ठावीस पावलं होती, मी मोजलेली. टरफल दोन-तीन हात जायचं आणि पानाला अडकायचं. मी लहानपणी एकदा रडले होते, माझं पोहोचणार नाही म्हणून. अण्णा उकिडवे बसले, डोळा मिटून गटाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतार आहे ना? मग पोहोचेल."

अक्का पदविका घेऊन पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात लागली. लेथवर कातून आलेल्या भागांचं माप घ्यायचं काम. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायची, संध्याकाळी बोटांना तेलाचा वास घेऊन यायची. "तुझी नदी बघितली आज," मला सांगायची. "पीण्याच्या नाल्यातून निघालीय, जांभळी. काल हिरवी होती. तुझ्या नदीकडे माझ्यापेक्षा जास्त साड्या आहेत गे." सेल्वम त्याच कारखान्यात टर्नर होता. शांत, काटकुळा, कन्नड बोलताना तमिळ हेल काढणारा. तो कडलूरचा होता, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते मागच्या दाराचं पाणी. अक्कालाही तेच वाटलं असणार. नंतर तिनं मला कबूल केलं की पहिल्या दिवशी तिनं त्याला विचारलं होतं, "तुमच्या गावाजवळ पिनाकिनी समुद्राला मिळते ना?" आणि तो म्हणाला होता, "हो. तुम्हांला कसं माहीत?"

एका रविवारी जेवताना, हुळी-भात, म्हणजे आंबट वरणभात, कालवता कालवता, तिनं सांगितलं की काल त्या दोघांनी नोंदणी कचेरीत लग्न केलंय. आईचा हात वाढपाच्या डावावर तसाच राहिला. अण्णांनी घास पूर्ण केला, ताक प्यायले, हात धुतले. आम्ही साडेतीनशे वर्षं या गावात आहोत, आपली भाषा, आपली माणसं धरून राहिलो, असलं काही ते बोलतील असं मला वाटलं होतं. ते फक्त "सरी" म्हणाले, कन्नडमधलं 'बरं'. आमच्या घरात रागाच्या वेळी मराठी संपायची. अक्का तिची पिशवी घेऊन मागच्या दारानं गेली. तिला पुढून जायचं धैर्य झालं नाही आणि थांब म्हणायचं आमच्यापैकी कुणाला झालं नाही. संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सुमा, यादी बदल."

"कुठली अण्णा?"

"सगळ्या. तीन माणसांच्या कर."

मी बदलल्या. पट्टी लावून. आई चुलीकडे तोंड करून बसली होती आणि खलात काहीच नसताना बत्ता फिरवत होती.

पुढच्या दोन्ही परिशेंना अण्णांनी एकच शेंग उघडली. पुढच्या गटारात माझं टरफल सोडून ते आत यायचे आणि खिळ्याच्या अलीकडे खुर्ची घेऊन बसायचे. अक्का मला टायपिंग क्लासच्या पत्त्यावर पत्रं लिहायची. सेल्वमची आई आजारी पडली म्हणून ती दोघं कडलूरला गेली होती, नदीच्या मुखापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पत्रांत तक्रार नसायची. नदीला पाणी आलं, नदी आटली, समुद्र रात्रंदिवस बोलतो आणि पहिला महिनाभर झोपच लागली नाही, मासळीचा वास आता येईनासा झालाय. "अण्णांना सांग," एकदा लिहिलं होतं, "इथं पाणी गोड आणि खारं एकमेकांत मिसळतं ती जागा डोळ्यांनी दिसते. रंग वेगळा असतो." मी सांगितलं नाही. आईला मात्र पत्रं वाचून दाखवायचे, शेजारीण येण्याआधी, हळू आवाजात.

तिसऱ्या वर्षी, मी एकोणीस पुरी केली तेव्हा, कार्तिकात आलेलं पत्र माझ्याकडे अजून आहे, पण मला ते बघावं लागत नाही. "सातवा महिना लागलाय. डोहाळजेवण वगैरे काही नको. परिशेच्या सोमवारी मी येतेय, एकटीच, संध्याकाळच्या गाडीनं परत. चार वाजता मागच्या गल्लीत पंपापाशी उभी राहीन. आत येणार नाही, घाबरू नकोस. तू फक्त अण्णांना टरफल सोडायला मागे घेऊन ये. आईला आत्ता सांगू नकोस, तिच्या तोंडावर दिसेल. माझं टरफल सोडू देत. पुढचं मी बघते. आणि आईची शेंगदाण्याची चटणी आण गे, रोज स्वप्नात येते."

मी यादी केली. ही यादी खिळ्याला टोचली नाही, ब्लाउजमध्ये ठेवली. चटणीचा डबा भरून मोरीच्या कट्ट्यावर. आईला साडेतीनला देवळाच्या रांगेत पाठवणे. दुसरी शेंग निवडणे. चार वाजता अण्णा मागे. इतकं साधं होतं. मी आजवर घरातली लग्नं, मुंजी, एक हृदयाचं ऑपरेशन आणि दोन घरबदल याद्यांवर पार पाडलेत. कुठंही काही राहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी अडीचला राजाजीनगरच्या आत्या आल्या, माझ्या नव्हे, मला सांगून आलेल्या मुलाच्या. त्यांच्या भाच्याकडून मला बघायला बुधवारी येणार होते. आत्या परिशेच्या निमित्तानं आधीच घर बघायला आल्या होत्या, हे त्यांनी लपवलंही नाही. मधल्या खोलीत खिळ्यावर पाय ठेवून बसल्या आणि इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "दोन मुली ना तुम्हांला? मोठी कुठं दिली?"

आई म्हणाली, "लांब आहे. मद्रासकडे."

"जावई काय करतात?"

"इंजिनिअरिंगमध्ये आहेत," आई म्हणाली आणि लगबगीनं कॉफी आणायला उठली.

आत्या माझ्याकडे वळून हसल्या. "मुलगी मोकळी दिसते. आमचा श्रीनिवास फार साधा आहे हो. त्याला घरात गडबड चालत नाही, बाकी काही नाही."

मी स्वयंपाकघरात गेले, ब्लाउजमधून कागद काढला आणि हिशोब केला. चार वाजता मागचं दार उघडेल. अक्का तिथे सात महिन्यांची उभी असेल. अण्णा चिडतील किंवा रडतील, दोन्हींचा आवाज मधल्या खोलीत येईल. आत्या उठून बघतील. बुधवार जाईल. आज नको. बुधवार होऊ दे, मग मी स्वतः कडलूरला पत्र लिहीन, अण्णांना हळूहळू तयार करीन, बाळ झाल्यावर घेऊन येऊ म्हणेन. बाळाला बघून माणसं विरघळतात. मी चौथ्या ओळीवर रेघ मारली. हातानंच, पट्टीशिवाय. ती वाकडी आली.

पुढच्या गटारात माझं टरफल सोडलं. आई रांगेत गेली होती, आत्या आत पंख्याखाली बसल्या होत्या. अण्णा उठले, आणि मग मला दिसलं की त्यांच्या मुठीत दुसरं टरफल आहे. कुंकू लावलेलं. मी त्यांना आठवण करून दिलेली नव्हती, शेंग निवडून ठेवली नव्हती. त्यांनी ते स्वतः केलं होतं. ते घरात आले, मधल्या खोलीत खिळ्यापाशी थांबले. आत्यांनी पाय बाजूला घेतले.

"सुमा," अण्णा म्हणाले, मागच्या दाराकडे बघत, "मागे जाऊ या का गे, स्वल्प?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"उशीर होतोय अण्णा," मी म्हणाले. "आत्यांना निघायचंय. आधी फराळाचं देऊ या."

 त्यांनी टरफल सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सरी." वळले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

आत्या साडेपाचला गेल्या. मी चटणीचा डबा उचलून मागचं दार उघडलं. गल्लीत कुणी नव्हतं. पंपाच्या तोंडाला एक थेंब लटकत होता. गटारात, दारापासून हातभर अंतरावर, अर्धं टरफल ठेवलेलं होतं, कुंकू लावलेलं, तांदळाच्या दाण्यासह. तिनं ते बरोबर आणलं असेल किंवा जत्रेतली शेंग घेतली असेल. कुंकू तिच्या कपाळाचं असणार. गटार कोरडं होतं. पंप मारायला ती वाकू शकली नसेल, किंवा पंपाचा आवाज घरात ऐकू येतो हे तिला माहीत होतं. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. टरफल वीतभर गेलं आणि करंजाच्या पानाला अडकलं.

बुधवार झाला. होकार आला. मी तिला लिहायचं म्हणून यादीत लिहून ठेवलं, साखरपुडा झाल्यावर, मग कपड्यांची खरेदी झाल्यावर. संक्रांतीच्या आधी सेल्वमचं कार्ड आलं, मोडक्या कन्नडमध्ये, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. बाळंतपणात वत्सला गेली. बाळही राहिलं नाही. अस्थी मुखापाशी पाण्यात सोडल्या, तिथं नदीला पाणी होतं. खाली एक ओळ जास्त होती. "परिशेला ती तुमच्याकडे आली होती, घराला कुलूप होतं म्हणाली, कुणी भेटलं नाही याचं तिला वाईट वाटत होतं, पण चूक तुमची नाही, तिनं आधी कळवायला हवं होतं."

आईनं कार्ड माझ्या हातून घेतलं. ते ती वाचू शकत होती. "कुलूप?" ती म्हणाली. "परिशेला आपण घरीच होतो." मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर आईनं खलात चटणी कुटली नाही. बाजारची आणायची. ती असेपर्यंत, पुढची अकरा वर्षं.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "कुठं सोडलं?" मी सांगितलं. ते मधल्या खोलीत गेले आणि खिळ्याशी उकिडवे बसले. त्यांचा एक डोळा मिटलेला होता. मला वाटलं ते रडत आहेत. आता वाटतं, ते उतार बघत होते.

माझं लग्न चांगलं झालं. हे लिहायला हवं, नाहीतर श्रीनिवासवर अन्याय होईल. त्यांना घरात गडबड चालते, चांगली चालते. आत्यांनाच चालत नव्हती. लग्नानंतर पाचव्या वर्षी मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू मला तेव्हा विचारायला हवं होतंस. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो असतो." त्यांना दुखवायचं नव्हतं, पण या वाक्यानं मला जितकं दुखलं तितकं कशानंच नाही.

बसवनगुडीचं घर विकलं गेलं, तिथे आता पाच मजले आहेत. अण्णा राजाजीनगरला आमच्याकडे आले. नव्वदीत कान गेले, नजर शेवटपर्यंत लांबची पक्की. गॅलरीतून मेट्रोच्या डब्यांवरच्या जाहिराती वाचून दाखवायचे. गेल्या वर्षी कार्तिकात, सकाळच्या कॉफीला, मी त्यांना सांगायचं ठरवलं. काय सांगायचं ते क्रमानं लिहून घेतलं होतं, कारण मध्येच थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही हे माहीत होतं. पत्र आलं होतं. ती चार वाजता मागे उभी राहणार होती. मी तुम्हांला न्यायचं होतं. मी नेलं नाही. मोठ्यानं सांगावं लागलं, ऐकू येत नाही म्हणून. असली गोष्ट ओरडून सांगावी लागते तेव्हा कशी होते ते मी लिहू शकत नाही.

अण्णांनी पेला खाली ठेवला. "माहीत आहे गे."

"काय माहीत आहे?"

"मी गच्चीवर गेलो होतो ना, शेंगांची चटई उचलायला. साडेतीनच्या सुमाराला. करंजापाशी उभी होती. निळी साडी. पोट दिसत होतं." ते गॅलरीबाहेर बघत बोलत होते. "लवकर आली होती. उन्हात उभी होती. मी बघितलं, तिनं नाही बघितलं."

माझ्या हातातल्या कागदाची मी घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"मग तुम्ही खाली येऊन विचारलंत मला."

"हं. खिळ्यापर्यंत आलो. पुढं पाय उचलेना. म्हटलं सुमा हो म्हणाली तर जाऊ." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तू उशीर होतोय म्हणालीस. आणि मला सुटल्यासारखं वाटलं गे, सुमा. सुटल्यासारखं वाटलं."

 छत्तीस वर्षं मी समजत होते की ते मी त्यांच्यापासून लपवलंय. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. श्रीनिवास दारात आले, आमच्याकडे पाहून परत गेले.

"मी गेलो की," अण्णा म्हणाले, "मला मागच्या दारानं काढ."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. घरच आता राहिलेलं नव्हतं.

ते चैत्रात गेले. अस्थींसाठी नातेवाइकांनी सांगितलं श्रीरंगपट्टण, आपल्या सगळ्यांचं तिथंच होतं, कावेरी आहे, गुरुजी आहेत, गाडी जाते. मी हो म्हणाले नाही. यादी केली आणि वैशाखातल्या एका पहाटे श्रीनिवास आणि मी कडलूरला निघालो. वाटेत कृष्णगिरीच्या पुढे पिनाकिनी दिसली, वाळू आणि मधोमध पाण्याची एक पट्टी. आमच्या मोरीचं पाणी यातूनच जात असणार, असं मी श्रीनिवासना सांगितलं. ते म्हणाले, "मग अक्काचं टरफलही गेलं असेल." 

मुखापाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाडी लांब ठेवावी लागली. श्रीनिवास तिथेच थांबले, मी अस्थींचं मडकं घेऊन चालत गेले. नदी रुंद होती, शांत, हिरवट, आणि जिथं ती समुद्राला मिळायची तिथं वाळूचा बांध होता. वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत. अलीकडे नदीचं थांबलेलं पाणी, पलीकडे समुद्राचा आवाज. एक बाई जाळं विणत बसली होती. मी माझ्या बंगळुरी तमिळमध्ये विचारलं, नदी कुठून जाते?

"आता नाही जात, अम्मा," ती म्हणाली, सुईवरून नजर न काढता. "उन्हाळ्यात तोंड बंद होतं. पावसात मोठं पाणी आलं की फोडतं. तोवर थांबायचं." मग माझ्या हातातलं मडकं पाहून तिनं सुई खाली ठेवली. "इथं नदीत सोडलं तरी चालतं. सगळे सोडतात. पाऊस आला की जाईल."

अण्णा असते तर उकिडवे बसून त्यांनी एक डोळा मिटला असता. उतार आहे ना, मग पोहोचेल. मी नदीकाठाशी उभी राहिले. पाणी घोट्याला लागत होतं, कोमट. तिथे सोडणं सोपं होतं, आणि रीतीला धरूनही.

मी मडकं उचललं, नदीतून बाहेर आले आणि वाळूवर चढले. वाळू तापलेली होती, पाय आत जात होता. समोर समुद्र होता. मी आयुष्यभर पावलं मोजलीत, जिने मोजलेत, पुढच्या पायरीपासून मागच्या दारापर्यंत अठ्ठावीस. ही मोजली नाहीत.